पालकवाले, दुधीवाले आणि माझी किडनी

आजाऱ्याला भेटायला येणारी माणसं रिकाम्या हातानं येत नाहीत. एक तर शहाळी आणतात, नाहीतर अक्कल. माझ्याकडं दोन्हींचा ढीग झाला होता, आणि दोन्ही मला वर्ज्य होती.

ज्यांच्या घरात किडनीचं दुखणं आलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. डॉक्टरी ज्ञान माझ्याकडून मिळणार नाही. ते वाटणारे गल्लोगल्ली बसलेत, मोबाइलवर तर विचारूच नका. मी फक्त माझ्यावर काय गुदरलं ते सांगणार. माझं पथ्य तुम्ही पाळू नका, तुमचं तुमच्या डॉक्टरला विचारा. आणि विचारताना सगळं विचारा, अगदी मूर्खासारखं वाटलं तरी विचारा. का ते पुढं कळेल.

मी पडेगावात पिठाची गिरणी चालवायचे. गिरणीच्या घरघरीत बोलून बोलून आवाज मोठा झाला. स्वभाव पहिल्यापासूनच तिखट. आमचे हे, बाबाराव, नेमके उलटे. वाळूजच्या कंपनीत नोकरी केली, रिटायर झाले, पण साहेब म्हणवणारा कुणीही समोर दिसला की अजून उठून उभे राहतात. बँकेतल्या शिपायालासुद्धा साहेब म्हणतात. मला त्याचा राग येतो. तो मी कधी लपवला नाही.

थकल्यात म्हणजे काय

पाय सुजले. चप्पल पायात जाईना. गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्या बायांनी लगेच निदान केलं. एक म्हणाली वात आहे, एक म्हणाली उभं राहून होतं, एक म्हणाली, "सिंधूताई, तुम्ही जाड झालात." मी तिचं पीठ जाडंभरडं काढून दिलं. मग एक दिवस जिना चढताना दम लागला आणि छातीत धडधड सुरू झाली, तेव्हा ह्यांनी मला रिक्षात घातलं.

दवाखान्यात रक्त काढलं, छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टर तरुण होते. पट्टी आणि रक्ताचा रिपोर्ट बघत म्हणाले, "काकू, किडन्या थकल्यात."

"थकल्यात म्हणजे? झोप काढली की उठतील का?"

त्यांना हसू आलं नाही. हे मात्र हसले, घाबरले की हसतात ते. मग म्हणाले, "पण साहेब, लघवी तर होती की तिला."

"लघवी होते, पण रक्तातली घाण निघत नाही. पोटॅशियम लई वाढलंय. त्यानं हृदय बंद पडू शकतं. आज ॲडमिट व्हायचं."

"आज? गिरणीवर लोकांचे डबे पडलेत," मी म्हटलं.

"काकू," ते म्हणाले, "आज."

मी भ्याले. सरळच सांगते, लई भ्याले.  जन्मभर पोटॅशियम हा शब्द उच्चारला नव्हता आणि आता तो मला मारणार होता. बीपीनं किडन्या हळूहळू खाल्ल्या होत्या म्हणे, आवाज न करता. जी गोष्ट आवाज करत नाही तिच्यावर माझा कधीच विश्वास नव्हता.

वॉर्ड

वॉर्डात दिवस रक्त काढण्यानं उजाडायचा. माणसाचं रक्त कमी म्हणायचं आणि रोज काढायचं, हा कुठला न्याय कोण जाणे. मग एक भुकटी पाण्यात कालवून द्यायचे, पोटातलं पोटॅशियम ओढून घ्यायला. गिरणीच्या दगडाला छिन्नीनं टाकी लावताना जी कच निघते ना, ती तोंडात गेल्यावर जसं लागेल, तसं लागायचं. पाणी मोजून. मी पाण्याचा तांब्या बघून तहानेनं रडले आहे, आणि हे शेजारी बसून "थोडं सोस, सिंधू" म्हणत बाटलीनं घटाघटा पाणी पीत होते. हाकलून दिलं मी त्यांना व्हरांड्यात.

चांगलं म्हणावं असं एकच माणूस तिथं भेटलं. झाडलोट करणारी खाला. रोज दुपारी काम आवरलं की माझ्या खाटेपाशी यायची. "अम्मा, बाल बना दूं?" म्हणायची आणि डोकं विंचरून घट्ट वेणी घालून द्यायची. उपदेश नाही, दया नाही. सगळ्या दवाखान्यात मला काय खावं हे न सांगणारी ती एकटीच होती.

वॉर्डाच्या टोकाला मशीनची खोली होती. दार उघडं असलं की आत दिसायचं. माणसं आडवी, हातातून नळ्या, रक्त बाहेर काढून धुऊन परत आत. काहीजण मोबाइल बघत असायचे, त्यांना सवय झाली होती. मी गिरणीवाली बाई, पट्टा निसटला तर चालू मोटरीपाशी हात घालणारी. पण त्या मशीनकडं बघवायचं नाही माझ्याच्यानं. डॉक्टर म्हणाले, "पोटॅशियम ताब्यात राहिलं, तर मशीन लांबवता येईल. सगळं पथ्यावर आहे, काकू."

सगळं पथ्यावर, हे वाक्य त्यांनी भेटायला आलेल्या सगळ्यांसमोर उच्चारायला नको होतं.

पालक की दुधी

पहिल्या आल्या माझ्या नणंदबाई, सुमनवन्सं, हर्सूलहून. स्टीलच्या डब्यात हिरवागार रस.

"वहिनी, पालकाचा रस आणलाय. घरचा, आपल्या वाफ्यातला. लोह असतंय. रक्त वाढतं."

"वन्सं, रक्तातलं काढायला आलेय मी इथं. वाढवायला नाय."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?" असं म्हणून त्यांनी पेला भरला. इतक्यात आमच्या समोरच्या घरातले गुरुजी आले. हे गुरुजी रोज सकाळी दुधीचा रस पितात आणि दिवसभर त्याबद्दल बोलतात. पेला बघून त्यांचं डोकं फिरलं.

"पालक? पालकानं खडे होतात. दुधी द्या. दुधी थंड असतो. दुधीनं किडनी धुऊन निघते."

"दुध्यात काय असतंय हो? नुस्तं पाणी!" वन्सं म्हणाल्या.

"अन् पालकात काय असतं? माती!"

माझ्या अंगावरून दोघांची बाचाबाची सुरू झाली. लोह किती, जीवनसत्त्वं कोणती, चुना कशात जास्त. वन्संनी मोबाइल काढला, गुरुजींनी चष्मा काढला. मी मधे पडलेली, हाताला सुई टोचलेली, आणि मला कुणी विचारत नव्हतं. सिस्टरनं येऊन दोघांना बाहेर काढलं नसतं तर माझ्या खाटेवर भाजीबाजार भरला असता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातली आहाराची मुलगी आली. ती जे बोलली ते खरं होतं, पण अर्धं लक्ष हातातल्या फोनमध्ये ठेवून बोलली. म्हणाली, पालकात बरंच काही असतं, लोह, चुना, आणि पोटॅशियम तर भरपूर. धडधाकट माणसानं तो खुशाल खावा. माझ्या किडन्यांना ते पोटॅशियम बाहेर काढता येत नाही, म्हणून मला पालक बंद. शहाळं बंद, केळी बंद, सीताफळ बंद, टोमॅटो बेतानं. दुधीत फार काही नसतं, म्हणून दुधी चालेल, तोही भाजी करून. रस-बिस नाही. कडू लागला तर घासही खायचा नाही.

म्हणजे पालकात जे जे आहे म्हणून लोक त्याला डोक्यावर घेतात, ते ते मला नको होतं. आणि दुधीत काही नाही म्हणून त्याला नावं ठेवतात, तेच मला पाहिजे होतं. मोबाइलवरचे तक्ते बघून भांडणाऱ्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की खाणारं पोट कुणाचं आहे ते आधी बघावं. गुरुजी जिंकले असं समजू नका. त्यांनी रस पाजला असता मला.

"रोज दुधीच खाऊ का?" मी मुलीला विचारलं.

"बटाटा, फ्लॉवर कधीमधी चालेल. साल काढून पातळ काप करायचे, भरपूर पाण्यात उकळायचे, पाणी काढायचं आणि मग भाजी करायची. त्यानं पोटॅशियम कमी होतं."

ह्यांनी मान डोलावली. परीक्षेतल्या पोरासारखं तोंडातल्या तोंडात घोकत होते, साल काढायची, पातळ काप, भरपूर पाणी.

ह्यांच्या भाकरी

घरी आल्यावर स्वयंपाक ह्यांच्याकडं आला. सुनेनं पुण्याहून यायची तयारी दाखवली होती, पण तिच्या नोकरीची आबाळ कशाला? आणि हे म्हणाले, "मी करतो की. कंपनीत मशीनी चालवल्या, भाकरी काय अवघड?"

पहिली भाकरी तव्यावर टाकेपर्यंत तिचे चार तुकडे झाले. मी आतल्या खोलीत पडल्या पडल्या आवाजावरून ओळखलं. गिरणी बंद, घरातलं ज्वारीचं पीठ जुनं, विरी गेलेली, थापताना चिरा पडणारच.

"अहो, गरम पाण्यात मळा! आधण घाला त्यात!" मी ओरडले.

त्यानंतर भाकरी जमायला लागली. आठवडाभरात तर फुगायलाही लागली. हे ताट घेऊन यायचे, भाकरी माझ्यासमोर धरायचे आणि उभे राहायचे, साहेबासमोर उभं राहिल्यासारखे. चवीला खरंच बरी होती, माझ्यापेक्षाही कांकणभर सरस. मी तसं म्हटलं नाही. "मीठ कमी घाला" एवढंच म्हटलं. कौतुक करायची सवय नाही मला.

पालक घरात येत नव्हता. दुधी, बटाट्याची उकळलेली भाजी, भाकरी. शहाळी आली की गुरुजींकडं जायची. सणाचा गोडधोडाचा डबा आला तर मी हातही लावला नाही. मी एवढी जिभेची बाई, पण त्या मशीनच्या खोलीचं दार डोळ्यासमोर आलं की घास आपोआप थांबायचा.

आणि तपासणीत पोटॅशियम वाढलेलं निघालं.

चोर

डॉक्टर रिपोर्ट बघून खुर्चीत मागं रेलले. "काकू, खरं सांगा. चोरून काही खाता का?"

"नाय."

"सगळेच पेशंट नाही म्हणतात. बघा, पुढच्या तपासणीत खाली आलं नाही तर थांबता येणार नाही. हातातली शीर जोडून घेऊ आणि मशीनची तयारी करू."

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी माझ्या बाजूनं एक शब्द काढावा. एवढी वर्षं ज्या बाईबरोबर काढली ती खोटं बोलत नाही, एवढंच सांगायचं होतं. हे म्हणाले, "व्हय साहेब. लक्ष ठेवतो साहेब."

ठेवलं की लक्ष. दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याचा डबा कपाटावर चढला. खजूर गुरुजींकडं ठेवायला दिला, म्हणजे सगळ्या गल्लीला कळलं. आणि मग एका संध्याकाळी हे कचऱ्याची बादली घेऊन माझ्यासमोर आले. आत सीताफळाच्या बिया.

"ह्या कुणाच्या?"

"तुमच्या बहिणीला विचारा. दुपारी बसली होती इथं."

"सुमन कशाला खाईल? ती तुला द्यायला आणते."

मला सांगायचं होतं, की तुमची बहीण मला द्यायला जे आणते ते स्वतःच फस्त करून जाते. पण ज्या माणसाला कचऱ्यातल्या बियांवर विश्वास आहे आणि बायकोवर नाही, त्याच्यापुढं साक्षीपुरावे काय मांडायचे? मी भिंतीकडं तोंड केलं. बोलणं बंद केलं. ताट आलं की खायचं, पुढं सरकवायचं. माझं दुखणं किडनीचं होतं, पण त्या दिवसांत रडू यायचं ते ह्यांच्यामुळं. मनात म्हणायचे, मेले मशीनवर, तरी हा माणूस लोकांना सांगणार की तिनंच चोरून खाल्लं.

मग काय करता?

डॉक्टरांनी आम्हाला परत त्या आहाराच्या मुलीकडं पाठवलं, मला समज द्यायला. ह्या वेळी तिचा फोन चार्जिंगला लावलेला होता, हे माझं नशीब. तिनं ह्यांना विचारलं, "काका, स्वयंपाक कसा करता, पहिल्यापासून सांगा."

हे खुलले. कुणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं. "बटाट्याचं साल काढतो. पातळ काप करतो, हे असे. भरपूर पाण्यात उकळतो. पाणी गाळून घेतो."

"बरोबर. मग काय करता?"

"मग त्याच पाण्यात पीठ मळतो. भाकरी फुटत नाय मॅडम, गरम असतं ना. उरलं तर दुधीच्या भाजीत घालतो. सत्त्व वाया जाऊ देत नाय."

मुलीनं कपाळाला हात लावला. मी पण.

आता तुम्ही हसाल. पण आमच्याकडं पातेल्यातलं पाणी मोरीत ओतताना बघितलंय का कुणी? पुरणाची डाळ शिजली की तिचा कट आमटीला. शेंगा उकडल्या तर पाणी कालवणात. माझी सासू भाजीचं पाणी टाकणाऱ्या बाईला बाईच समजायची नाही. त्या घरात वाढलेल्या माणसाला भाजीतून पाणी काढायला सांगितलं. त्यानं इमानदारीनं काढलं. पुढं ते कुठं ओतायचं हे सांगायची गरज कुणाला वाटली नाही. आणि गरम पाण्यात मळा म्हणून ओरडणारी मी, मीही विचारलं नाही कुठलं गरम पाणी.

"काका," मुलगी हळू म्हणाली, "भाजीतून जे काढायचं असतं, ते त्या पाण्यातच उतरतं. ते सगळं काकूंच्या पोटात जातंय."

ह्यांना कळायला क्षणभर लागला. मग चेहरा पिठासारखा झाला. मला हसू फुटलं. मोठ्यांदा हसले, बाहेरची माणसं डोकावली. हसता हसता संतापही आला, त्या मुलीचा, डॉक्टरचा, वन्संचा, गुरुजींचा. पालकात काय आणि दुधीत काय ह्यावर महिनाभर सगळे शहाणे कीस पाडत होते, आणि पातेल्यात कुणी डोकावलं नव्हतं. तुमच्या घरात किडनीचा पेशंट असेल, तर त्याच्यावर पाळत ठेवण्याआधी एकदा चुलीपाशी उभं राहून बघा काय कशात जातंय.

 घरी आल्यावर ह्यांनी वन्संना फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर.

"सुमन, त्या दिवशी सीताफळ कुणी खाल्लं?"

"मीच की दादा. वहिनी चालत नाय म्हणाल्या, मग टाकायचं कशाला?"

फोन ठेवून हे माझ्या खाटेच्या कडेवर बसले. "मी तुला चोर समजलो."

"समजलात."

"अन् विष मीच घालत होतो."

"विष नका म्हणू. बटाट्याचं पाणी होतं."

हे रडले. नाकातून पाणी येईपर्यंत रडले. मला दया आली नाही लगेच, खोटं कशाला सांगू? मी म्हटलं, "माझी माफी मागा." त्यांनी मागितली. हात जोडून मागितली. मग मला कसंतरीच झालं आणि मी म्हटलं, "पुरे. भाकरीचं बघा आता."

त्या दिवसापासून उकळलेलं पाणी मोरीत. पीठ मळायला वेगळं आधण. पहिल्या वेळी पातेलं मोरीवर धरून हे नुसतेच उभे होते. हात वळेना त्यांचा. मी आतून ओरडले, "ओता!" तेव्हा ओतलं.

तपासणी

रिपोर्ट घेऊन आम्ही परत दवाखान्यात गेलो. डॉक्टरांकडं जायला ती मशीनची खोली ओलांडूनच जावं लागतं. मी ह्यांचा शर्ट मागून धरला होता.

डॉक्टरांनी कागद बघितला. चेहरा उजळला. "वा! खाली आलं की पोटॅशियम. बघा काकू, पथ्य पाळलं की कसं होतं! आधीच ऐकलं असतं तर?"

मी तोंड उघडलं होतं. माझ्याआधी हे उठले. ते साहेबांपुढं उठतातच, म्हणून मला आधी काही वाटलं नाही.

"साहेब," हे म्हणाले.  "ती पहिल्या दिवसापासून पथ्य पाळतीय. चुकलो मी. त्या आहाराच्या मॅडमला माहितीय, विचारा. तुम्ही अन् मी, दोघांनी तिला चोर ठरवलं. मी घरी माफी मागितलीय तिची." आणि मग म्हणाले, "आता तुम्ही मागा."

 ह्या माणसानं जन्मात कुठल्या साहेबाला असं सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच कुणाचा तरी नवरा उठून उभा राहिलाय असं मला वाटलं. डॉक्टर लाल झाले, कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"सॉरी, काकू. चुकलं माझं."

मला काहीतरी खोचक बोलायचं होतं. एवढे दिवस साठवून ठेवलं होतं. पण घशातून एकच निघालं.

"अन् मशीन?"

"सध्या नको," डॉक्टर म्हणाले. "असंच सांभाळा. सध्या नको."

हे अजून उभेच होते.  मी त्यांचा हात धरून खाली ओढलं आणि म्हटलं, "बसा आता. चांगलं बोललात."